डोंगल लावून गाडीचं अ‍ॅव्हरेज वाढतं का?

प्रश्न : माझी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक आहे, आधी १८ चं अ‍ॅव्हरेज द्यायची, आता १५ वर आलीये. ऑनलाइन एक डोंगल मिळतंय, स्टेअरिंगखालच्या ओबीडी पोर्टात लावायचं, २०० किलोमीटरमध्ये ते तुमचं ड्रायव्हिंग शिकतं आणि पेट्रोल वाचवतं म्हणे. भावोजींनी लावलंय, त्यांचं २ ने वाढलं. गॅरेजवाला म्हणतो त्यापेक्षा पेट्रोलच्या पाइपला मॅग्नेट लावा. काय घेऊ?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : दोन्ही घेऊ नका, खरंच. असलं एक डोंगल मी स्वतः स्क्रू काढून उघडलंय. ओबीडी पोर्टाला, म्हणजे गॅरेजवाले स्कॅनर जोडतात त्या सॉकेटला, १६ पिना असतात, त्यातल्या ६ आणि १४ नंबरवरून बहुतेक गाड्यांचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, बोलतो, आणि माझ्या हातातल्या डोंगलमध्ये त्या दोन पिनांना वायरच नव्हती, फक्त बॅटरीचा करंट येत होता आणि त्यावर तीन एलईडी लुकलुकत होते. जे गाडीचं ऐकतच नाही ते ड्रायव्हिंग शिकणार कुठून?

मॅग्नेटचंही तेच. पेट्रोल काही लोखंड नाही, त्याच्यावर चुंबकाचा म्हणावा असा परिणाम होतच नाही. आणि पेट्रोल अर्धवट जळतं, आमचं यंत्र ते पूर्ण जाळतं, हा जो दावा सगळे करतात ना, तर इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या पाइपातला ऑक्सिजन सेन्सर बघून ईसीयू सारखं मिश्रण जुळवत असतो, एक किलो पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा, त्यामुळे ठीकठाक इंजिनात न जळता जाणारं पेट्रोल अगदी नगण्य असतं, वाचवायला तिथे काही उरतच नाही. अमेरिकेच्या ईपीए या सरकारी संस्थेने अशी १०० च्या आसपास यंत्रं तपासली, त्यातल्या फारच थोड्यांनी फरक दाखवला, तोही किरकोळ.

मग भावोजींचं वाढलं कसं? ते खोटं बोलत नाहीयेत. यंत्र लावलं की माणूस काट्याकडे बघत पाय हलका ठेवतो. दुसरं म्हणजे मोजण्यातली चूक. ३०० किलोमीटरला १५ लिटर लागलं तर २० चं अ‍ॅव्हरेज, पण पंपावर नोझल लिटरभर आधी कट झालं की तेच २१.४ दिसतं! म्हणून एकाच पंपावर, ऑटो कटपर्यंत टाकी फुल करायची, वरून टॉप-अप नाही, आणि तीन-चार टाक्यांचा हिशोब एकत्र धरायचा.

आता तुमचं १८ चं १५ झालंय त्याला कारण असणार आणि ते शोधायला हवं, मला त्याचीच जास्त काळजी वाटते. सकाळी गाडी थंड असताना हवा चेक करा, किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतं. एअर फिल्टर आणि प्लग बघा. दहा-पंधरा किलोमीटर जाऊन या आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या (चिकटवू नका, भाजेल), एकच रिम तापलेली असेल तर त्या चाकाचा ब्रेक बहुतेक जाम धरतोय. ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झाला तरी पेट्रोल जास्त जातं, ते गॅरेजमध्ये चांगल्या स्कॅनरवर रीडिंग बघून कळतं, डोंगलच्या पैशात तेवढं करून घ्या. आणि भावोजींना सांगा, डोंगल काढून तसाच हलका पाय ठेवून चार टाक्या चालवा.