पहिली बीएल मालिका निवडताना

बीएल म्हणजे ‘बॉईज लव्ह’, दोन पुरुषांमधल्या प्रेमाच्या कथा. सुरुवात थायलंडच्या २०२१ सालच्या ‘बॅड बडी’पासून करावी, असे मी तुम्हाला मनापासून सुचवेन. शेजारशेजारच्या दोन वैरी घरांतल्या प्राण आणि पॅटची ही गोष्ट १२ भागांची आहे. पाचव्या भागाच्या शेवटी, गच्चीवरच्या चुंबनानंतर प्राणच्या चेहऱ्यावर दाटून येणारे दुःख पाहिले, की हा प्रकार केवळ गोड प्रेमापुरता नाही हे उमगते.

नवखे प्रेक्षक बहुधा या चुका करतात:

- तुकडे-तुकडे क्लिप पाहतात. त्यात आधीच्या भागांतला अबोला हरवतो.
- चीनच्या ‘द अनटेम्ड’कडून (२०१९, ५० भाग) उघड प्रेमाची अपेक्षा करतात, तिथल्या सेन्सॉरमुळे ते नजरेतूनच वाचावे लागते.
- पडद्यावरची जोडी खरी मानून कलाकारांच्या खासगी आयुष्यात डोकावतात. हे मात्र कटाक्षाने टाळा.