सगळे बघत होते

‘मॅडम, मारायचं नाही, तर मग करायचं काय?’ गोव्यातल्या डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतल्या गावांत समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की, पालक खुर्चीवर टेकण्याआधीच तो येणार हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळते. प्रश्नापाठोपाठ बहुधा दोन वाक्ये येतात : आम्हाला आमच्या बापाने मारले म्हणूनच आम्ही सरळ राहिलो, आणि आज हात आवरला तर हा पोरगा उद्या आमच्यावरच हात उगारेल. ही भीती खरी असते आणि तिच्या मुळाशी मुलाची काळजीच असते. म्हणूनच नुसत्या उपदेशाने ती जात नाही. हे मला ज्या कुटुंबाने शिकवले, त्याची हकीकत येथे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बोलणे कोकणीतून झाले, ते मराठीत उतरवले आहे.

मुलगा नववीत होता. गावच्या मैदानावर क्रिकेटचा सामना चालू असताना त्याने दुसऱ्या मुलाच्या तोंडावर बॅट मारली आणि त्या मुलाचा दात तुटला. वडील धावत आले, घडले काय हे कोणालाही न विचारता त्यांनी कमरेचा पट्टा काढला आणि जमलेल्या लोकांसमोर मुलाला झोडपले. त्यानंतर तीन आठवडे मुलगा घरात कोणाशीच धड बोलला नाही. शेवटी वर्गशिक्षिकेने आईला माझ्याकडे पाठवले आणि आई दोघांना घेऊन आली.

प्रथम मी मुलाशी एकट्याने बोलले, कारण घरी त्याला धोका आहे का, हे समजल्याशिवाय पुढचे कोणतेही बोलणे करू नये, असा माझा नियम आहे. धोका नाही याची खात्री झाल्यावर मी वडिलांना कायदा स्पष्ट शब्दांत सांगितला. ‘गोवा बाल कायदा, 2003’ मुलाला दिलेल्या वाईट वागणुकीची दखल घेताना ती वारंवार घडली की एकदाच, असा भेद करत नाही, आणि अशा प्रकरणांसाठी गोव्यात स्वतंत्र बाल न्यायालय आहे. त्यांनी मान डोलावली. किशोरवयात राग लवकर भडकतो आणि त्याला आवर घालणारा मेंदूचा भाग परिपक्व व्हायला विशी उलटावी लागते, हेही मी समजावले. त्यांनी पुन्हा मान डोलावली. दोन भेटी अशाच गेल्या आणि घरातला अबोला होता तसाच राहिला.

तिसऱ्या भेटीत मी समजावणे सोडले आणि विचारले, ‘त्या दिवशी मैदानावर तुमच्या आजूबाजूला कोण कोण होतं?’

त्यांना एकेक माणूस आठवत होता. वाड्यावरचे ग्रामपंचायतीचे पंच होते, थोरला भाऊ होता, खाणीवर बरोबरीने ट्रक चालवणारे दोघे जोडीदार होते.

‘आणि घरी, कोणी बघत नसताना, त्याच्यावर शेवटचा हात कधी उगारलात?’

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘घरी नाही मारत, मॅडम. घरी मी त्याच्याशी बोलतच नाही.’ आणि थोड्या वेळाने, खाली बघत : ‘ट्रक दारात उभा राहिला तेव्हापासून लोकांसमोर माझ्याकडे एवढंच उरलं होतं, की घरात माझा शब्द चालतो.’

2012 मध्ये गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी थांबल्या, पुढे सुरू झाल्या, आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या. या पट्ट्यात ज्याचे घर ट्रकवर चालत होते, त्याला या वाक्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

पुढच्या भेटीत मुलाला विचारले, ‘बॅट उचललीस, त्याच्या आधी काय झालं होतं?’ तो म्हणाला, ‘तो म्हणाला, तुझ्या बापाच्या ट्रकवर आता कोंबड्या झोपतात. सगळे बघत होते.’

हे ऐकताना मी वहीत लिहायची थांबले. बापलेकांनी एकाच मैदानावर, काही मिनिटांच्या अंतराने, एकाच कारणासाठी हात उचलला होता. मुलाने बापाची लाज राखायला आणि बापाने स्वतःची. मी मात्र दोन भेटी रागावर बोलत बसले होते, आणि प्रश्न रागाचा नव्हताच. व्हिएन्नाचा मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड ॲडलर याच्या विचारावर माझी श्रद्धा आहे : माणूस, लहान असो वा मोठा, चार माणसांत आपले स्थान शोधत असतो आणि ते सरळ मार्गाने मिळेनासे झाले की वाकडी वाट धरतो. त्याचा शिष्य रुडॉल्फ ड्रायकर्सने हेच मुलांना लावून सांगितले की, वाईट वागणारे मूल हे मुळात धीर खचलेले मूल असते. बापाचाही धीर खचतो, एवढीच भर मी माझ्या अनुभवातून त्यात घालीन.

त्यानंतर मुलाच्या संमतीने तिघांना एकत्र बसवले आणि कोंबड्यांचे वाक्य त्यालाच सांगू दिले. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त खुर्ची उचलून त्याच्या बाजूला ठेवली आणि तिथे बसले. आईच्या डोळ्यांना धार लागली होती. इतक्या वर्षांच्या कामात मी काही जपून ठेवले असेल, तर अशा खुर्च्या सरकण्याचे आवाज.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मारायचे नाही याचा अर्थ सोडून द्यायचे असा मुळीच नाही. दात तुटला होता आणि त्याची भरपाई व्हायलाच हवी होती. मुलाने गणेश चवथीला मिळालेले साठवलेले पैसे दाताच्या उपचारासाठी दिले, उरलेले वडिलांनी घातले आणि दोघे मिळून त्या घरी गेले. वडील उंबऱ्याबाहेर थांबले, बोलला मुलगा. शिक्षा आणि परिणाम यांतला फरक मी पालकांना याच उदाहरणाने सांगते : पट्ट्याचा मोडलेल्या दाताशी काही संबंध नसतो, भरपाईचा असतो. मूल संतापलेले असताना किंवा आपण संतापलेले असताना काहीही ठरवू नये. पाणी प्यावे, अंगणात एक फेरी मारावी, ‘यावर आपण रात्री बोलू’ असे सांगावे आणि रात्री खरोखरच बोलावे, कारण न पाळलेला शब्द मुले विसरत नाहीत. सुरुवात ‘असं का केलंस?’ने केली तर मूल बचावाला लागते. ‘आधी काय झालं होतं?’ असे विचारले की ते सांगू लागते. दिवसातली दहा मिनिटे अशी असावीत की त्यांत अभ्यासाचा विषय नाही आणि मोबाईलही नाही. आणि चार माणसांसमोर मुलाचा पाणउतारा कधीही करू नये, मग मुलगा कितीही चुकलेला असो. जिथे मारहाण थांबतच नाही, मुलाच्या अंगावर वळ दिसतात किंवा मूल घरी जायला घाबरते, तिथे शेजाऱ्यांनी ‘त्यांच्या घरातली गोष्ट’ म्हणून गप्प बसू नये. 1098 हा मुलांच्या मदतीसाठीचा फोन क्रमांक दिवसरात्र आणि विनामूल्य चालतो, आणि तो फिरवायला नातेसंबंध लागत नाही.

पण या कुटुंबाने मला शिकवले ते याहून मोठे होते. मारण्याला प्रेक्षक लागत असतील, तर माझ्या बंद खोलीत बदललेला बाप मैदानावर परतल्यावर पुन्हा तोच होईल. ॲडलरने पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हिएन्नात आपले बालमार्गदर्शन शिक्षक आणि पालकांच्या देखत चालवले होते; त्याचे मर्म मला इतक्या वर्षांनी या गावात उमजले. स्वयंसहाय्य गटातल्या बायकांनी पुढाकार घेतला आणि देवळाच्या सभामंडपात रविवारी आरतीनंतर पालकांच्या बैठका सुरू झाल्या. मैदानावरच्या थोरल्या मुलांना वेगळे बसवून आम्ही भांडणाऱ्या दोघांना बाजूला कसे करायचे आणि दोघांचे ऐकून कसे घ्यायचे, याचा सराव करून घेतला, कारण शिगम्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या होळीच्या सणाच्या, दिवसांत ढोलाबरोबर हात चालायलाही वेळ लागत नाही. मोठ्यांनीही एक गोष्ट ठरवली : कोणाचे मूल चुकले तर त्याच्या बापाला तिथल्या तिथे ‘पोराला आवर’ असे म्हणायचे नाही, जे सांगायचे ते नंतर, घरी जाऊन, हळू आवाजात सांगायचे.

पुरुष मात्र पहिले तीन रविवार बाहेर पायऱ्यांवरच बसले. चौथ्या बैठकीत पायरीवरून कोणीतरी विचारले, ‘सगळं खरं, पण मारायचं नाही तर करायचं काय?’ मी उत्तर द्यायला तोंड उघडणार, तोच त्या मुलाचे वडील उभे राहिले. ‘त्या दिवशी मैदानावर तुम्ही सगळे होता,’ ते म्हणाले. ‘मी तुमच्याकडे बघत राहिलो. त्याला विचारायला हवं होतं, ते राहून गेलं.’ पंच उठले आणि आत येऊन सतरंजीवर त्यांच्या शेजारी बसले. पुढच्या रविवारी सतरंज्या कमी पडल्या, तेव्हा मुलांनी शाळेतून बाके उचलून आणली.