डाएटिशियनकडे जायचंय, आधी काय बघू?

प्रश्न: ताई नमस्कार. वय ४६, डायबिटीस निघून वर्ष होत आलं, गोळ्या चालू आहेत, थायरॉईडची पण एक आहे. डॉक्टर म्हणाले एकदा डाएटिशियनला भेटून या. नेटवर बघितलं तर कोणी डाएटिशियन, कोणी न्यूट्रिशनिस्ट, कोणी वेलनेस कोच, काही कळेना. अपॉइंटमेंट घ्यायच्या आधी काय विचारायचं आणि जाताना काय न्यायचं? आणि खरं सांगू का, माझं खाणं ऐकून ओरडतील असं वाटतं, म्हणून आधी पंधरा दिवस कडक पथ्य करून मग जाऊ का?

उत्तर: तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नको, अजिबात नको. आत्ता जे खाताय तेच खात राहा आणि तेच लिहून न्या, कारण पुढचा सगळा प्लॅन त्या लिहिण्यावरच उभा राहतो, आणि तुम्ही पंधरा दिवसांचं गोड चित्र दाखवलंत तर समोरचा माणूस तुमचं नसलेलंच खाणं सुधारत बसेल. तीन दिवसांचं लिहा, दोन कामाचे आणि एक सुट्टीचा, सुट्टीचा तर हवाच कारण त्या दिवशी आपण वेगळेच खातो. खाल्लं की लगेच लिहायचं, रात्री आठवून लिहिलं की निम्मं सुटतं. किती वाजता, किती, चहात साखर किती, येता-जाता तोंडात टाकलेलं सुद्धा. वजनकाटा नको, तुमची वाटी, तुमचा चमचा पुरे. झोप किती, जेवायला निवांत वेळ मिळतो का, घरात स्वयंपाक कोण करतं हेही लिहा, म्हणजे तुम्हाला जमणारच नाही असा चार्ट हातात पडणार नाही.

आणि पथ्याचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. डायबिटीसच्या काही गोळ्या, म्हणजे ग्लिमेपिराइडसारख्या, किंवा इन्सुलिन चालू असेल आणि तुम्ही मनानेच खाणं एकदम कमी केलंत तर शुगर खाली जाते, हातपाय थरथरतात, घाम फुटतो, चक्कर येऊन माणूस पडू शकतो. खाणं बदललं की गोळीचा डोस पण बघावा लागतो आणि तो डॉक्टरच बदलतात, डाएटिशियन नाही. म्हणून गोळ्यांची नावं तोंडी सांगू नका, स्ट्रिप्सच पिशवीत घालून न्या, कुठली किती वाजता घेता ते सांगा. थायरॉईडची गोळी रिकाम्या पोटी लागते आणि कॅल्शियम किंवा आयर्नच्या गोळीत आणि तिच्यात चार तासांचं अंतर लागतं, हे सकाळच्या वेळापत्रकात बसवायचं असेल तर समोरच्याला तिन्ही गोळ्या माहीत हव्यात ना. मेटफॉर्मिन ही डायबिटीसची गोळी बरीच वर्षं चालू राहिली की काही जणांचं व्हिटॅमिन बी१२ कमी होतं, तेही बघता येतं. दुकानातून स्वतःच आणलेल्या पावडरी, केसांसाठीच्या बायोटिनच्या गोळ्या, सगळं सांगा, बायोटिनमुळे थायरॉईडचा रिपोर्टसुद्धा चुकीचा येऊ शकतो.

रिपोर्ट जे आहेत तेच न्या, तपासण्यांचं नवीन पॅकेज आधीच करून बसू नका. तुमच्यासाठी एचबीए१सी महत्त्वाचा, त्यात साधारण मागच्या दोन-तीन महिन्यांची शुगर कळते. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, पण बघून ठेवा, किडनीवर परिणाम झाला असेल तर प्रोटीन, मीठ, पोटॅशियम सगळ्याचाच हिशोब बदलतो.

आता माणूस कसा निवडायचा. बऱ्याच देशांत डाएटिशियन म्हणवून घ्यायला डिग्री, हॉस्पिटलमधलं ट्रेनिंग आणि नोंदणी लागते, न्यूट्रिशनिस्ट ही पाटी मात्र अनेक ठिकाणी कोणीही लावू शकतं. त्यातही चांगली शिकलेली माणसं असतातच, म्हणून पाटीवर जाऊ नका, फोनवर सरळ विचारा, शिक्षण काय, नोंदणी आहे का, डायबिटीसचे पेशंट नेहमी बघता का. चांगल्या माणसाला या प्रश्नांचा राग येत नाही. पहिली भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते, दहा मिनिटांत छापील चार्ट हातात देत असतील तर तो तुमचा नाहीच. फॉलोअप किती, त्याची फी वेगळी का, विमा असेल तर त्यात बसतं का, हे पैसे भरायच्या आधीच विचारून घ्या.

महिन्यात अमुक किलो नक्की अशी गॅरंटी देणारे, आमचीच पावडर घ्या म्हणणारे, आणि गोळ्या बंद करा सांगणारे, या तिघांकडे जाऊच नका. आठवड्याला अर्धा ते एक किलो हा ठीक वेग आहे, आणि वजन जास्त असेल तर त्यातलं ५ ते १० टक्के उतरलं तरी शुगर आणि बीपी दोन्हीत फरक दिसतो. ओरडण्याचं म्हणाल तर कोणी खरंच तुम्हाला लाज आणली तर दुसरी डाएटिशियन शोधा, त्यात काही चुकीचं नाही.

प्रश्न: पोट सतत फुगतं, जुलाब होतात. अपॉइंटमेंट पुढच्या महिन्यात आहे, तोवर गहू बंद करून बघू का?

उत्तर: थांबा. सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होते त्या आजाराची रक्ततपासणी गहू खात असतानाच करायची असते, आधीच सोडलात तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो आणि मग परत गहू सुरू करून थांबावं लागतं. आधी डॉक्टरकडे जाऊन तपासणी करा. कारण नसताना वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर डाएटिशियनच्या तारखेची वाट बघू नका, डॉक्टरकडे आजच जा.

प्रश्न: मुलगी १५ वर्षांची आहे, वजन कमी करायचं म्हणून डाएटिशियनकडे न्या म्हणते. नेऊ का?

उत्तर: न्या, पण मुलांमध्ये काम करणाऱ्या डाएटिशियनकडे, या वयात अजून वाढ चालू असते, मोठ्यांचा चार्ट तिला चालत नाही. त्याआधी घरात नीट लक्ष द्या हो. जेवण टाळते का, जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाऊन बसते का, पाळी थांबलीये का, सारखी वजन करून बघते का. यातलं काही दिसलं तर आधी डॉक्टरांना दाखवा आणि अपॉइंटमेंट घेताना डाएटिशियनलाही तिच्यासमोर नाही, वेगळं फोन करून सांगा, म्हणजे पहिल्याच भेटीत तिला काट्यावर उभं करणार नाहीत.