सप्टेंबरपासून डॉलर? आधी लेकीला विचारा

प्रश्न: आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. मुलगी यंदा एम. एस. युनिव्हर्सिटीतून मेकॅनिकल बी.ई. झाली. अमेरिकेत मास्टर्सला प्रवेश मिळालाय, ऑगस्टमध्ये निघायचंय. घर तारण ठेवून 42 लाखांचं कर्ज काढतोय. अलकापुरीतले कन्सल्टंट म्हणतात, तिथे ‘वर्क-स्टडी’त पहिल्याच सेमिस्टरपासून इंटर्नशिप मिळते, राहण्या-जेवणाचं भागून हप्त्यालाही उरतं. मुलीला मकरपुऱ्यात नोकरी मिळालीय. वर्षभर ती करून मग जाते म्हणते. मी सांगितलं, जायचं तर यंदाच. सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना कोलंबियाला पाठवलं त्या गावचे आपण! तिने इंटर्नशिपची तयारी कशी करावी? सोबत खर्चाचा तक्ता जोडलाय. – एक पालक

उत्तर: तक्ता नीट पाहिला. ऑगस्टची कमाई शून्य, सप्टेंबरपासून दरमहा 1500 डॉलर आणि समोर बँकेचा हप्ता. डिसेंबरच्या ओळीशेजारी पेन्सिलीने, वेगळ्या अक्षरात एकच शब्द आहे: ‘परीक्षा?’ ते अक्षर तुमचं नाही. पत्रात त्याबद्दल चकार शब्द नाही. लेकीने तिला विचारायचं ते तिथे विचारलंय, तुम्ही पान तसंच पाकिटात घातलंत.

साहेब, ती शिकायला चाललीय की वसुलीला? परक्या देशात पहिली थंडी, नवे प्राध्यापक, आणि डोक्यावर दांडिया बाजारातल्या घराचा हप्ता. इंटर्नशिप मिळाली नाही तर ती तुम्हाला फोनवर खरं सांगेल असं वाटतं? ‘यंदाच’ का, याचं कारणही तुम्ही दिलेलं नाही. त्यामागे लग्नाचा हिशेब असेल तर तोही तक्त्यात मांडा, निदान तिला कळेल तरी.

महाराजांचं म्हणाल, तर 1913 साली बाबासाहेबांना मिळाली ती शिष्यवृत्ती होती, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. परत आल्यावर संस्थानची नोकरी करायची, ही अट होती. तुम्ही लेकीला कर्जावर पाठवताय आणि फेड शिकतानाच मागताय. तुलना राहू द्या.

आता ‘वर्क-स्टडी’. या नावाची अमेरिकन सरकारची योजना आहे, 1964 पासून. गरजू विद्यार्थ्यांना अर्धवेळ काम, पगाराचा मोठा वाटा सरकारचा. पण ती तिथले नागरिक आणि ग्रीन कार्डवाले वगैरेंसाठी आहे. एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलीला ती मिळत नाही. तिला मिळू शकतं ते कॅम्पसवरचं काम: लायब्ररी, मेस, लॅब. सेमिस्टर चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास. तासाला 15 डॉलर धरले तरी चार आठवड्यांचे 1200 होतात, तेही काम मिळालं तर. कॅम्पसबाहेरच्या इंटर्नशिपला सीपीटी, म्हणजे शिकता शिकता बाहेर काम करायची परवानगी लागते. आजच्या नियमांत त्यासाठी सहसा एक पूर्ण शैक्षणिक वर्ष व्हावं लागतं, काम अभ्यासक्रमाचा भाग असावं लागतं, आणि रुजू होण्याआधी आय-20 वर, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं त्या प्रवेशाच्या कागदावर, त्या कंपनीची, त्या तारखांची नोंद लागते. ऑगस्टमध्ये गेलेल्या मुलीची पहिली इंटर्नशिप म्हणजे पुढचा उन्हाळा. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने भरलं, तर शिक्षणानंतरचा ओपीटी हातचा जातो. ओपीटी म्हणजे डिग्रीनंतर तिथे नोकरी करायची परवानगी: 12 महिने, मेकॅनिकलला वर आणखी 24. कर्जफेडीचा खरा आधार तोच, आणि तो डिग्रीनंतर येतो.

कन्सल्टंट ‘पहिल्या दिवसापासून सीपीटी’ म्हणत असतील तर कान टवकारा. काही मास्टर्समध्ये पहिल्या सत्रापासून काम सक्तीचं असतं, ते नियमात बसतं. पण याच नावाखाली नुसतं नाव नोंदवून नोकरी करू देणारी कॉलेजंही चालतात, आणि त्यांच्या विद्यार्थ्यांची पुढे व्हिसाच्या वेळी उलटतपासणी होते. 2019 मध्ये मिशिगनमधली फार्मिंग्टन युनिव्हर्सिटी तर सरकारनेच लावलेला सापळा निघाली. वर्ग नाहीत, प्राध्यापक नाहीत. अडकलेल्यांत आपली मुलं ढिगाने होती.

आणखी एक. पहिल्या वर्षाच्या खर्चाची सोय दाखवल्याशिवाय आय-20 मिळत नाही. म्हणजे कागदावर तुम्ही ‘पैसे आहेत’ म्हणणार आणि घरच्या तक्त्यात ‘ती कमवेल’. दोन्ही खरं कसं? बहुतेक बँका अभ्यासक्रम आणि त्यानंतर वर्षभर हप्ता मागत नाहीत, व्याज मात्र चढत राहतं. तुमचा हप्ता सप्टेंबरपासूनच का सुरू होतोय, ते कर्ज देणाऱ्याला विचारा.

म्हणून तयारीच्या टिपा मी देणार नाही. माझ्या मते यंदा तिने जाऊ नये. मकरपुऱ्याची नोकरी घ्यावी. शॉप फ्लोअरवर वर्ष काढलेल्या मुलीकडे तिथल्या करिअर फेअरमध्ये सांगण्यासारखं काही असतं, नुसता बायोडेटा नसतो. तोवर थोडी शिल्लक पडेल, कर्जाचा आकडा उतरेल. मधल्या काळात गेट, म्हणजे इथल्या एम.टेक.ची प्रवेश परीक्षा, द्यायची असेल तर द्यावी, एम.टेक.ला गेटवाल्यांना महिना 12,400 रुपये स्टायपेंड असतो.

प्रवेश पुढे ढकलता येतो का, हे कॉलेजच्या ॲडमिशन ऑफिसला विचारायचं. बरीच कॉलेजं एक सेमिस्टर किंवा वर्ष देतात. डिपॉझिटचं काय होतं तेही त्याच मेलमध्ये विचारून घ्यावं. मेल तिनेच लिहायचा. तुम्ही नाही, कन्सल्टंट तर मुळीच नाही. आणि मला पुढचं पत्र तिचं येऊ द्या. यंदाच जायचं असं तिनेच ठरवलं, तर कमाईचा रकाना कोरा ठेवून केलेला तक्ता सोबत पाठवा, मग इंटर्नशिपचं बोलू.