वावरात भेव नाही, सिनेमात का? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मागच्या महिन्यात या सदरात विचारलं होतं, सिनेमातला कोणता प्रसंग तुम्हाला बघवत नाही? पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवलेले निरोप आले. मी समुपदेशनाचं काम करते आणि गावोगाव पडदा लावून सिनेमा दाखवणाऱ्या एका मंडळातही आहे. त्यामुळे पडद्याकडे पाठ करून, सिनेमा बघणाऱ्यांचे चेहरे न्याहाळायची मला सवय आहे. आलेल्या प्रश्नांपैकी सात इथे घेतले आहेत. लिहिणाऱ्यांची फक्त तालुक्याची ओळख ठेवली आहे.

प्रश्न (कारंजा) : हरभऱ्याच्या दिवसांत मी रातभर वावरात एकटा जागल करतो. डुकरं येतात, रोही येतात, कधी बिबट्याचे पाय उमटलेले दिसतात. मले भेव वाटत नाही. पण सिनेमात नुसतं दार करकरलं तरी बसल्या जागी उडतो. घरचे हसतात. काऊन होते असं?

हसणाऱ्यांना आधी सांगा, दचकणं वेगळं आणि भिणं वेगळं. अचानक मोठा आवाज झाला की पापणी मिटते, मान खांद्यांत जाते, पोट आवळतं. पापणी तर सेकंदाच्या विसाव्या हिश्श्यातच लवते. ‘हे खरं की खोटं’ असा विचार करायला मेंदूला त्याहून जास्त वेळ लागतो. विचार पोचेपर्यंत तुम्ही उडालेले असता. तान्हं लेकरूही असंच दचकतं. धाडसाशी याचा काही संबंध नाही.

वावरातली गोष्ट निराळी. तिथे तुमच्या हातात बॅटरी आहे, काठी आहे. खसफस झाली की तुम्ही उठता, डबा वाजवता, ओरडता. भीतीने अंगात जी ताकद जमवली ती लगेच खर्ची पडते. शिवाय रानातले आवाज तुमच्या ओळखीचे. रोही गेला की डुक्कर घुसलं, हे तुम्हाला अंधारातही कळतं. सिनेमात मात्र तुम्ही बसलेले. कुठे बघायचं हे कॅमेरा ठरवतो, काय ऐकायचं हे दुसराच कोणी, आणि डबा वाजवायची सोय नाही.

त्यात दिग्दर्शक आधी तुम्हाला ताणून ठेवतो. माणूस ताणलेला असला की तोच आवाज त्याला जास्त हलवतो. १९४२ च्या ‘कॅट पीपल’ या अमेरिकन सिनेमात एक बाई रात्री एकटी चाललेली असते. मागून पावलं वाजतात, मग ती पावलंही बंद होतात. बराच वेळ काहीच नाही, आणि एकदम कानाशी फिस्कारल्यासारखा आवाज. ती असते थांब्यावर येऊन थांबलेली बस! तेव्हापासून हीच युक्ती हजार तऱ्हांनी वापरली गेली आहे. त्यात खरं काम करतो तो आधीचा शुकशुकाट.

एक करून बघा. तोच प्रसंग आवाज बंद करून पाहा. ‘सायको’ (१९६०) मधल्या न्हाणीघरातल्या खुनाच्या प्रसंगाला संगीत नकोच, असं दिग्दर्शक हिचकॉकचं मत होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही व्हायोलिनच्या किंकाळ्या रचल्या. त्या ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. आपण घाबरलो की डोळे झाकतो. झाकायला हवेत कान.

प्रश्न (राळेगाव) : वाघिणीवरचा एक सिनेमा आम्ही गावात पाहिला. वाघीण दिसत नव्हती तोवर सारे चिडीचूप. दिसली, तर पोट्टे हसू लागले. असं कसं?

तुमच्या तालुक्याला हे मी काय सांगावं? माणसांवर हल्ले करणारी टी-१ (अवनी) वाघीण नोव्हेंबर २०१८ मध्ये मारली गेली. त्याआधीचे महिने तिथल्या लोकांनी कसे काढले ते तुम्ही पाहिलं आहे. किती जणांनी ती प्रत्यक्ष पाहिली होती? बहुतेकांनी तिचे पाय पाहिले, ओरबाडलेलं झाड पाहिलं, परत न आलेल्या माणसाचं घर पाहिलं. भीती तेवढ्यावरच वाढली.

सिनेमातही तसंच. ‘जॉज’ (१९७५) साठी केलेला यांत्रिक शार्क मासा समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा. स्पीलबर्गला नाइलाजाने नुसतं पाणी, वर आलेला पर आणि संगीत यांवर भागवावं लागलं. निम्मा सिनेमा होईपर्यंत मासा धड दिसत नाही, आणि लोक त्यालाच भ्यायले. न दिसणारा वाघ प्रत्येक जण आपल्या मनातल्या मापाचा करतो. पडद्यावर संगणकाने काढलेला आला की तो एकाच मापाचा होतो, आणि तुमच्या पोट्ट्यांना खरा वाघ कसा चालतो हे चांगलं ठाऊक. ती हसणारच.

प्रश्न (तुमसर) : माझा सहा वर्षांचा मुलगा चुलतभावाच्या मोबाइलवर भुताच्या बाहुलीचा सिनेमा पाहून बसला. पंधरा दिवस झाले, रात्री अंगणातल्या संडासात एकटा जात नाही, झोपेतून उठून बसतो. सासरे म्हणतात, बाहेरचं लागलं, उतारा टाका.

सहा वर्षांच्या मुलाला जे दिसतं तेच खरं असतं. अमेरिकेतल्या संशोधक जोअ‍ॅन कँटर यांनी मुलांच्या भीतीवर वर्षानुवर्षं काम केलं. टीव्हीवरच्या ‘हल्क’ मालिकेत साधा माणूस हिरवा राक्षस होतो आणि लोकांना वाचवतो. मोठी मुलं ‘तो चांगला आहे’ म्हणून निर्धास्त राहायची. लहानग्यांची बोबडी वळायची ती नेमकी तो बदलताना. रूप बदललं म्हणजे माणूसच बदलला, असं त्यांना वाटतं. म्हणून ‘अरे, ते खोटं असतं’ हे वाक्य या वयात पोचत नाही. खोटं कसं करतात ते डोळ्यांनी दाखवावं लागतं.

तुम्ही झाडीपट्टीत, म्हणजे नाटकवेड्या पूर्व विदर्भात राहता, ही मोठी सोय आहे. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या दिवसांत वडशाच्या कंपन्यांची नाटकं लागतात. नाटक सुरू व्हायच्या आधी मुलाला कडेवर घेऊन पडद्यामागे जा. कलावंतांना विनंती करा, ती माणसं मनाची मोठी असतात. साध्या चेहऱ्यावर रंग चढताना, मिशी चिकटताना आणि नाटकानंतर ते सगळं पुसलं जाताना त्याला पाहू द्या. तोवर घरी बाहुलीला त्याच्याच हाताने काजळाच्या मिशा काढू द्या.

संडासाला त्याच्यासोबत जा. चार दिवस दाराशी उभ्या राहा, मग चार पावलं मागे, मग ओसरीच्या पायरीवर. ‘मर्द ना तू?’ हे घरात कोणीही म्हणायचं नाही. चुलतभावाने तर नाहीच.

सासऱ्यांबद्दल. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला तर मी वाद घालणार नाही, नातवावरच्या मायेपोटीच ते करतात. पण मुलाच्या देखत ‘बाहेरचं लागलं’ म्हणू नका. बाहुली खरी होती, असं मग त्याच्या घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसानेच कबूल केल्यासारखं होतं. आणि कोणी भूत उतरवायच्या नावाखाली मारझोड किंवा चटके सुचवले, तर तो राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. महिना उलटूनही झोप, जेवण, शाळा विस्कटलेली राहिली तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागात दाखवा.

प्रश्न (वरुड) : जेवणं झाली की सासू-सासरे, दीर, आम्ही दोघं एकत्र सिनेमा पाहतो. नको तो प्रसंग आला की सासरे खोकत उठून पाणी प्यायला जातात, दीर मोबाइल काढतो, रिमोट कोणालाच सापडत नाही. मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तुम्ही पाचही जणांनी तोच प्रसंग एकेकट्याने पाहिला असता तर कोणालाच काही झालं नसतं. अवघडलेपण पडद्यावर नाही, खोलीत आहे. ‘मी हे बघताना सासऱ्यांनी मला बघितलं’ याची ती लाज. त्यात ट्यूबलाइट चालू, खोली दहा बाय बारा. मंडईच्या रात्री नाटकात लावणी सुरू असते, त्याच मांडवात सासरे असतात आणि सूनही असते. तिथे कोणी मरत नाही, कारण अंधार असतो, माणसं हजार असतात आणि कोण कोणाकडे बघतंय याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

सासऱ्यांचं ते खोकणं म्हणजे त्यांची मर्यादा, तुम्हाला दिलेली जागा आहे. ते तसंच राहू द्या. बाकीच्यांपैकी एकाने साध्या आवाजात ‘घे रे पुढे’ म्हणायचं ठरवून ठेवा. ते काम नवऱ्यावर सोपवा, सुनेवर नको. मोबाइलवरच्या किंवा ओटीटीवरच्या सिनेमाच्या सुरुवातीला वयाचा आकडा आणि आत काय आहे त्याची सूचना असते, २०२१ च्या नियमांनी ती द्यावीच लागते. थिएटरच्या सिनेमालाही २०२४ पासून यूए (मुलांनी पालकांच्या सल्ल्याने पाहायचा) या प्रमाणपत्रात सात, तेरा, सोळा वर्षं असे तीन टप्पे आले आहेत. दहा सेकंद ते वाचलं तर पुढची दहा मिनिटं वाचतात.

पण एक फरक सांगून ठेवते. दोन माणसांचं प्रेम पाहून अवघडणं एक. बाईवर होणारा अत्याचार कॅमेऱ्याने चवीने, तिच्या अंगावरून फिरत दाखवला की होणारं अवघडणं दुसरं. पहिलं निभावून न्या. दुसऱ्या वेळी ‘बंद करा’ असं मोठ्याने म्हणा, सासऱ्यांसमोरही. तिथे तुमची लाज बरोबर आहे आणि दिग्दर्शक चुकला आहे.

प्रश्न (मूल) : मी शिक्षक आहे. मारामारी, रक्त सहज पाहतो. पण कोणाचा चारचौघांत पाणउतारा होत असला की उठून जातो. विनोदी सिनेमातही.

२०११ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी लोकांना दुसऱ्याची फजिती होतानाचे प्रसंग दाखवून त्यांचे मेंदू तपासले. दुसऱ्याला दुखताना पाहून मेंदूचे जे भाग जागे होतात, तेच इथेही जागे झाले. फजित होणाऱ्याला स्वतःला त्याची जाणीव नसली तरीसुद्धा! म्हणजे तुमचं ‘दुखतं’ हे नुसतं बोलणं नाही.

मला स्वतःला ‘फँड्री’तला (२०१३) एक प्रसंग आजही सरळ बसून पाहवत नाही. जब्याचं कुटुंब गावादेखत डुक्कर धरतंय, ते हाताशी आलंय, आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. सगळे जागच्या जागी उभे. डुक्कर निघून जातं. ज्या पोरीसमोर त्याला लपायचं होतं ती तिथेच आहे. मारामारी पाहताना आपण एका बाजूचे असतो, हात उगारावासा वाटतो. अपमान पाहताना आपण आपसूक बघ्यांच्या गर्दीत उभे केले जातो. मागे मी हा सिनेमा एका आश्रमशाळेच्या पोरांसोबत पाहिला. पुढच्या रांगा हसल्या. मागच्या बाकावरची तीन मुलं खाली बघत होती. शिक्षक म्हणून तुम्हाला सांगते, वर्गात सिनेमा दाखवाल तेव्हा खाली बघणारी मुलं कोणती, ते बघा.

प्रश्न (गोंदिया) : ऑपरेशनचा प्रसंग आला की मला अंधारी येते. मी नर्सिंगला जावं का?

जा. इतर भीतीत रक्तदाब वाढतो. रक्ताच्या भीतीत तो आधी वाढतो आणि मग एकदम घसरतो, म्हणून अंधारी येते. तेव्हा अंग सैल सोडू नका, उलट आवळा. दंड, मांड्या, पोट दहा-पंधरा सेकंद ताणून धरा, चेहऱ्यावर ऊब आली की सोडा, वीस-तीस सेकंद थांबा, असं पाच वेळा. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान ऑस्ट यांनी बसवलेली ही पद्धत आहे. रोज सराव करा आणि मग असे प्रसंग मुद्दाम, थोडे थोडे पाहा. अंधारी आलीच तर आडवं होऊन पाय उंच ठेवा. रक्त न पाहताही चक्कर येत असेल तर मात्र आधी डॉक्टर.

प्रश्न (घाटंजी) : सिनेमात कर्जात बुडालेला शेतकरी जीव देतो असं दाखवलं. मुलं पाहत होती, सासूही होती. मी उठून चुलीपाशी गेले, हात थरथरत होते. माझे मालक असेच गेले, सहा वर्षं झाली. सासू म्हणते, सिनेमाच तर आहे.

ताई, तुमचं पत्र मी सगळ्यांत शेवटी ठेवलं, कारण त्याला उत्तर देण्याआधी मला एक सांगायचं होतं. काही वर्षांपूर्वी आम्ही एका गावात असाच सिनेमा दाखवला. चांगला होता, कळकळीने केलेला होता. कोणाला काही न विचारता लावला. मध्येच मागच्या बाजूने एक बाई उठल्या आणि अंधारात घराकडे चालू लागल्या. कोणीतरी हळूच म्हणालं, ‘तिच्या घरी झालं ना तसं.’ मी मागे धावले नाही. काय बोलावं ते सुचलं नाही. आता आम्ही आधी गावात विचारतो, सुरुवातीला काय आहे ते स्पष्ट सांगतो, बाहेर उजेडात सतरंजी टाकतो आणि तिथे आमच्यातली एक बाई बसून असते.

तुमचे हात थरथरले त्यात कमजोरी नाही. इतरांनी पडद्यावरचा माणूस पाहिला, तुम्ही ती सकाळ पाहिली. अशा घटनेची आठवण साध्या आठवणीसारखी ‘मागे झालं’ म्हणून राहत नाही. तसं काही दिसलं, तसा आवाज आला की शरीर त्याच दिवशी जाऊन पोचतं. तुम्ही चुलीपाशी गेलात हे बरोबर केलंत. पुन्हा झालं तर थंड पाण्यात हात बुडवा, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्या, आजचा वार सांगा. तेवढ्याने शरीर आजच्या दिवसात परत येतं.

मुलांशी बोला. सिनेमा लावण्याआधी त्यांनी तुम्हाला विचारायचं, एवढंच ठरवा. त्यांनी तो प्रसंग पाहिला आहे, वडिलांबद्दल त्यांच्याही मनात काही असेल. ‘तुला काय वाटलं?’ असं विचारायला सिनेमा हे निमित्त आहे. झोप उडाली असेल, जगण्यात राम वाटत नसेल, तर १४४१६ वर फोन लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

आणि सासूबाई. त्या ‘सिनेमाच तर आहे’ म्हणाल्या, ते कदाचित तुम्हाला म्हणाल्या नसतील. त्या रात्री त्या उठून जाऊ शकल्या नाहीत, तिथेच बसून राहिल्या. पडद्यावर जो गेला त्याच्या जागी त्यांना त्यांचा मुलगा दिसला असेल. सहा वर्षांत तुम्ही दोघी त्याच्याबद्दल एकमेकींशी किती बोललात? एखाद्या दुपारी, मुलं शाळेत गेल्यावर, त्यांना विचारून बघा.