जुन्या फोर-बाय-फोर पिकअपचा गिअरबॉक्स आधी बदलावा की ब्रेक?

आधी ब्रेक. तुम्ही लिहिलंय, गाडी महिंद्राची, तीन गिअरची, चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि मिस्त्री म्हणतो, "पाच गिअरचा बॉक्स टाकू, ब्रेकचं पुढच्या वर्षी बघू." हेच माझ्या थोरल्या भावाने आमच्या अंगणात उभं राहून सांगितलं होतं, म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव सासवडच्या पलीकडे. वडिलांची तसलीच पिकअप सीताफळाच्या दिवसांत पहाटे गुलटेकडीला मार्केट यार्डात जायची. दादाचं म्हणणं, गाडी चाळिसाच्या वर गेली की रडते, मागचे ट्रकवाले हॉर्न मारून जीव खातात. ते खरंच होतं. मी म्हटलं, आधी ब्रेक कर. ऐकलं नाही. नाना पेठ पालथी घालून त्याने पाच गिअरचा जुना बॉक्स मिळवला आणि भोसरीत मधली जोडपट्टी, म्हणजे अॅडॉप्टर प्लेट करून टी-९० च्या, म्हणजे मूळच्या तीन गिअरच्या बॉक्सच्या जागी बसवून घेतला. मागे ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सलना ताकद वाटणारा डबा, जुनाच, स्पायसर १८ जातीचा. गाडी पळायला लागली, दादा खूश.

तिसऱ्याच आठवड्यात दिवे घाट. मागे क्रेट भरलेले, दादा चौथ्यात उतरत होता. आधी आम्ही दुसऱ्यात उतरायचो. इंजिनच गाडी धरायचं, ब्रेकला फारसं काम नसायचं. आता सगळा भार त्या छोट्या ड्रमवर. खाली मस्तानी तलाव दिसायला लागला आणि पेडल तळाला टेकलं. ब्रेक ऑइल उकळलं होतं. दादा पंप मारतोय, मी हँडब्रेक ओढला, त्याने कसाबसा दुसरा टाकला आणि डोंगराकडच्या चरीत चाकं घालून गाडी थांबवली. या गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो. त्या झटक्यात तिथून मागच्या एक्सलला जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, तुटला असता, तर हँडब्रेकही गेला असता.

दादा आजही म्हणतो, ऑइल जुनं होतं म्हणून झालं. ऑइल जुनं होतंच. पण त्याच ऑइलवर गाडी तीन गिअरमध्ये कित्येक हंगाम तोच घाट उतरली होती, याचं उत्तर त्याने कधी दिलेलं नाही. तुमच्या मिस्त्रीलाही हेच विचारा.

तर पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवा आणि मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलतो तो) दोन सर्किटचा, टँडम घाला. जुन्यात एक पाइप फुटला की चारही चाकं जातात. ड्रमचाच मास्टर सिलिंडर डिस्कला जोडू देऊ नका. त्यातला व्हॉल्व्ह लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवतो, पॅड घासत राहतात, डिस्क तापते. पेडलचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरसाठी व्हॅक्यूम लागतो. पेट्रोल इंजिनात तो हवा आत घेणाऱ्या मॅनिफोल्डवर मिळतो, डिझेलला वेगळा पंप हवा. पुढे डिस्क आल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात का, ते रिकाम्या गाडीने मोकळ्या मैदानात बघा. पिकअपचा मागचा भाग रिकामा असताना फार हलका असतो.

गिअरबॉक्सबद्दल एवढंच: ट्रान्सफर केस नव्या गाडीचा घेणार असाल तर थांबा. स्पायसर १८ चा मागचा शाफ्ट मधोमध निघत नाही, बाजूला असतो, आणि तुमचा मागचा एक्सलही त्याच हिशेबाने केलेला आहे. शिवाय बॉक्सची लांबी बदलली की दोन्ही शाफ्ट नव्याने करावे लागतात.

हे आधी सांगायला हवं होतं: मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावलंय. पैसे घालण्याआधी आरटीओत विचारून या.

आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मग लवकर उकळतं. तेवढं दादाचं बरोबर आहे.