वाचक विचारतात : कुणकेश्वरच्या जत्रेला कॅम्पर व्हॅन

प्रश्न : ट्रॅव्हलर मिनीबसवर बांधलेली, राहण्या-झोपण्याची सोय असलेली व्हॅन घेऊन आम्ही चौघे महाशिवरात्रीला देवगडजवळच्या कुणकेश्वरला जाणार आहोत. दोन रात्री व्हॅनमध्येच मुक्काम. गाडी किनाऱ्यावर लावावी का? १०० एएचची (अँपिअर-तासांची) लिथियम बॅटरी आणि २०० वॉटचं सोलर पुरेल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : किनाऱ्यावर अजिबात नको. देऊळ समुद्राला अगदी लागून आहे, म्हणून मोह होतो. पण पुळणीची ओली वाळू दिसते तेवढी घट्ट नसते. फर्निचर, पाणी, गॅस धरून तीन टनांच्या पुढे गेलेल्या गाडीखाली वरचा थर फुटतो, मागचं चाक जागच्या जागी फिरून खड्डा करतं आणि ॲक्सल वाळूला टेकतो. मग ट्रॅक्टरच बोलवावा लागतो. शिवाय महाशिवरात्र अमावास्येला लागून येते, म्हणजे उधाणाची भरती. ओहोटीला कोरडी दिसलेली जागा रात्री पाण्यात जाते.

आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचा. देवळापासून दोन-तीन किलोमीटर अलीकडे, सड्यावर (कातळाच्या सपाट माळावर) किंवा कोणाच्या आवारात, मालकाला विचारून जागा घ्या. खाली कातळ किंवा चांगला बसलेला जांभा असावा. गाडी तोंड रस्त्याकडे करून लावा. छतावरच्या एसीसकट उंची मोजून डॅशबोर्डवर लिहून ठेवा; वाडीतल्या रस्त्यांवर लोंबणाऱ्या सर्व्हिस वायरी आणि आंब्याच्या फांद्या हाच खरा धोका. सुक्या गवतावर गाडी उभी करू नका, तापलेल्या सायलेन्सरने ते पेटतं.

आता बॅटरी. कॉम्प्रेसर फ्रिज चालू असताना चार-पाच अँपिअर घेतो. कोकणातल्या उकाड्यात तो निम्मा वेळ चालतो, म्हणजे दिवसाला ५० ते ६० एएच. दोन पंखे दहा तास, आणखी ३०. दिवे-मोबाइल १०. एकूण ९०-१००. सोलर भर उन्हात ५०-५५ परत देईल, आंब्याच्या सावलीत त्याच्या निम्मंही नाही. म्हणून दुसऱ्या पहाटे बॅटरी तळाला जाणार. फ्रिज ३ ऐवजी ८ अंशांवर ठेवा, घरूनच गोठवलेल्या बाटल्या आत भरा. ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (चालू इंजिनावरून ही बॅटरी भरणारा) असेल, तर येताना वाटेतच बॅटरी भरून होते. जनरेटर नको : झोपलेल्या माणसांना त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड कळतही नाही.

पाणी माणशी रोज दहा लिटर वापरायला, चार लिटर प्यायला. भांड्यांचं साबणाचं पाणी आंब्याच्या कलमांच्या बुंध्याशी सोडू नका. टाकीत साठवा आणि मालक दाखवेल तिथेच रिकामं करा. कॅसेट टॉयलेटचंही (काढून रिकामी करायच्या टाकीचं) तसंच, फक्त संडासात.

जत्रेत चालत जा. गर्दीत नेटवर्क बसतं, यूपीआय अडकतं, म्हणून दहा-वीस-पन्नासच्या नोटा जवळ ठेवा. खाजं घेताना एक कांडी मोडून पाहा : बेसनाची कांडी खटकन तुटली पाहिजे, वरचा आल्या-गुळाचा थर बोटाला चिकटता कामा नये. व्हॅनमध्ये लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, खाऱ्या हवेत ते रात्रीत सादळतं.

प्रश्न : आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख वर्षभर आधी का मिळत नाही? – एक वाचक, ठाणे

उत्तर : ती पंचांगातल्या तिथीवर ठरत नाही, भराडीदेवीचा कौल घेऊन ठरते. सुट्टी टाकायची ती तारीख जाहीर झाल्यावरच.